डीएचसीपी सर्व्हर उत्तर देत नसेल तर : कामाला बसण्यापूर्वीची तयारी

गेल्या वर्षी एका वसतिगृहाची नवी इमारत नेटवर्कला जोडली आणि सकाळपासून तिथल्या लॅपटॉपांवर १६९.२५४ने सुरू होणारे पत्ते (सर्व्हरकडून पत्ता न मिळाल्यास यंत्र स्वतःच घेते ते) दिसू लागले. डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरील यंत्रांना आयपी पत्ते वाटणारा सर्व्हर, चालू होता, जुन्या इमारतीला व्यवस्थित पत्ते वाटत होता. नव्या इमारतीच्या विनंत्यांकडे मात्र ढुंकून पाहत नव्हता. मी दिवसभर सर्व्हिस रीस्टार्ट केली, केबल बदलली, फायरवॉलवर संशय घेतला, आणि कारण सापडले ते रात्री, लॉगच्या ज्या ओळीवरून दुपारीच नजर फिरवून पुढे गेलो होतो तिच्यात. तो दिवस पुन्हा नको म्हणून ही तयारी लिहून ठेवीत आहे. उदाहरणे लिनक्सवरील आयएससी डीएचसीपीडी या डीएचसीपी सर्व्हर प्रोग्रामची आहेत. त्याची देखभाल थांबल्याचे २०२२ मध्येच जाहीर झाले असले तरी आमच्याकडे अजून तोच चालतो.

केबल, वीज, स्विचचे दिवे हे पाहून झाले आहे असे गृहीत धरतो. सर्व्हरवर दोन खिडक्या उघडा. एकीत लॉग चालू ठेवा, दुसरीत टीसीपीडम्प (तारेवरून येणारी-जाणारी पाकिटे दाखवणारा प्रोग्राम) डीएचसीपीच्या ६७ आणि ६८ या यूडीपी पोर्टांवर, तपशील छापण्याचा पर्याय देऊन लावा. विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचतच नसेल तर सर्व्हरच्या फाइलीत डोके घालण्यात अर्थ नाही. दोष स्विचवर आहे, आणि त्या व्हीलॅनवर (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कवर) रीले, म्हणजे विनंत्या सर्व्हरकडे पोहोचवणारा मध्यस्थ, लावायचाच राहिला आहे का हे आधी तपासावे. लॅपटॉपची विनंती ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून, असते आणि ती राउटर ओलांडत नाही, त्यामुळे सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये (पत्त्यांच्या दुसऱ्या गटात) असेल तर रीलेवाचून काम होत नाही.

विनंती पोहोचत असेल तर आता त्या पाकिटातील 'गेटवे-आयपी' ही ओळ वाचा. मी वाचली नव्हती. रीले विनंती पुढे पाठवताना त्या खान्यात स्वतःचा पत्ता भरतो, आणि विनंती कोणत्या सबनेटची आहे हे सर्व्हर त्या पत्त्यावरूनच ठरवतो; लॅपटॉप कोणत्या मजल्यावर आहे किंवा तुम्ही कोणती रेंज (वाटायच्या पत्त्यांचा पट्टा) त्याच्यासाठी मनात योजली आहे, हे त्याला कळण्याचा दुसरा मार्ग नाही. आमच्या बाबतीत नवे व्हीलॅन काढण्याचा कंटाळा करून मी कॅमेऱ्यांसाठी आधीच असलेले व्हीलॅन वापरले होते आणि स्विचवर त्याला १०.२०.४०.१ हा सेकंडरी (जोडीचा दुसरा) पत्ता दिला होता. सर्व्हरवर १०.२०.४०.० ची रेंज बिनचूक लिहिलेली होती. परंतु आमच्या स्विचचा रीले त्या खान्यात प्रायमरी (मुख्य) पत्ता भरतो, आणि तो कॅमेऱ्यांचा १०.२०.४.१ होता. कॅमेऱ्यांना पत्ते हाताने दिलेले असल्यामुळे सर्व्हरच्या फाइलीत त्या सबनेटचा उल्लेखच नव्हता. लॉगमध्ये प्रत्येक विनंतीपुढे 'व्हाया १०.२०.४.१' आणि त्यानंतर 'अननोन नेटवर्क सेगमेंट' असे शेकडो वेळा छापले जात होते, आणि मी मात्र रेंजमधील आकडे पुन्हा पुन्हा मोजत होतो.

म्हणून पुन्हा सांगतो : 'व्हाया'नंतरचा पत्ता कागदावर लिहून घ्या आणि तो फाइलीतील कोणत्या सबनेटमध्ये बसतो ते मास्कसह (पत्त्याचा किती भाग सबनेटचा हे सांगणाऱ्या आकड्यासह) पडताळा. बसत नसेल तर बाकी सगळे बरोबर असूनही सर्व्हर गप्पच राहील. दोन सबनेट एकाच तारेवर असतील तर दोन्ही एका 'शेअर्ड-नेटवर्क'मध्ये जाहीर करावीत. ज्याला पत्ते द्यायचे नाहीत त्याला रेंज देऊ नये, पण जाहीर मात्र करावे. उत्तर त्याच रीलेच्या पत्त्याकडे जाते, तेव्हा सर्व्हरवरून त्याला पिंग करून पाहा. लॉगमध्ये ऑफर (सर्व्हरने देऊ केलेला पत्ता) दिसते आणि लॅपटॉपला काहीच मिळत नाही, अशा वेळी परतीचा रूट नसणे हे नेहमीचे कारण आहे.

फायरवॉलमध्ये मी दोन तास घालवले, ते वाया गेले. डीएचसीपीडी विनंत्या रॉ सॉकेटवरून, म्हणजे फायरवॉलच्या आधीच, उचलतो, त्यामुळे आयपीटेबल्सचा (लिनक्सच्या फायरवॉलचा) नियम त्या अडवीत नाही. डीएनएसमास्क हा दुसरा डीएचसीपी सर्व्हर साध्या सॉकेटवर चालतो. तिथे मात्र ६७ पोर्ट उघडे असावे लागते.

यंत्र बदलले असेल तर इंटरफेसचे (नेटवर्क कार्डाचे) नाव पाहा. ईटीएच० चे ईएनएस१९२ झालेले असते आणि सर्व्हिसच्या फाइलीत जुनेच नाव राहते. घरून आलेला लॅपटॉप जुना १९२.१६८चा पत्ता मागत असेल आणि फाइलीत 'ऑथॉरिटेटिव्ह' (या नेटवर्कचा अधिकृत सर्व्हर हाच) हा शब्द नसेल, तर सर्व्हर नकारही देत नाही.

उरलेले थोडक्यात. 'नो फ्री लीजेस' म्हणजे रेंज संपली. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (अनोळखी पोर्टवरून आलेली डीएचसीपी उत्तरे अडवणारी सोय) असेल तर सर्व्हरकडचे पोर्ट ट्रस्टेड करा. विंडोज सर्व्हर डोमेनमध्ये असेल तर तो ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ऑथराइज केलेला हवा. फाइल बदलली तर 'डीएचसीपीडी -टी'ने तपासून मगच रीस्टार्ट. आणि रीस्टार्टला हात लावण्यापूर्वी 'व्हाया'नंतरचा पत्ता वाचला का?