विमानाचं पिस्टन इंजिन: ऑगस्टमधला बर्फ, मेमधली वाफ आणि या चुका टाळा

नागपुरात ऑगस्टमध्ये विमानाच्या इंजिनात बर्फ धरतो असं सांगितलं की नवे विद्यार्थी हसतात. इथे हिवाळ्यातही पाणी गोठत नाही, मग पावसाळ्यात बर्फ कुठून येणार? ट्रेनर विमान उडवणाऱ्यांना हीच समजूत सगळ्यात महागात पडते, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

सेसना १५२सारख्या विमानात कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत इंधन मिसळणारा भाग, असतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, तिथला दाब घटतो आणि त्या ओढीने इंधनाचा फवारा उडतो. दाब घटल्याने हवा गार होते आणि इंधनाची वाफ होताना ते आणखी उष्णता शोषून घेतं. मे महिन्यात खिडकीतला कूलर खोली गार करतो तो याच तत्त्वावर, पण इथला थंडावा कितीतरी जास्त असतो. तापमान २० ते ३० अंशांनी सहज उतरतं. म्हणजे बाहेर २६ अंश असताना गळ्यात शून्याच्या आसपास, आणि पावसाळी हवेत गोठायला पाण्याची कमतरता नसते. बर्फ थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या, झडपेवर बसतो. उतरताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, त्यामुळे झडपेपलीकडचा दाब आणखी कमी आणि फटही बारीक. ती बुजायला थोडासा बर्फ पुरतो. डिसेंबरातल्या कोरड्या दुपारी यापेक्षा धोका कमी.

इथे तीन चुका होतात आणि तिन्ही एकापाठोपाठ होतात.

पहिली: आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूहळू उतरतोय हे दिसतं आणि हात आपोआप थ्रॉटल जरा पुढे सरकवतो. आकडा जागेवर येतो, बर्फ वाढत राहतो. (कॉन्स्टंट स्पीड, म्हणजे पात्यांचा कोन बदलून फेरे तेवढेच राखणारा, प्रॉपेलर असेल तर आरपीएम हलतच नाही, मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब, उतरतं. मोठ्या विमानावर गेल्यावर हे विसरतात.)

दुसरी जास्त घातक. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारा दांडा, ओढली की आरपीएम आणखी खाली येतो, कारण गरम हवा विरळ असते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. त्यात वितळलेलं पाणी सिलिंडरमधून जाताना इंजिन खोकतं, हादरतं. “सर, हे तर आणखीच बिघडलं!” म्हणत विद्यार्थी कार्ब हीट परत आत ढकलतो, आणि औषध लागू पडायच्या वेळीच ते बंद होतं. हादरे बसले तरी ती पूर्ण बाहेरच ठेवा. अर्धवट ओढू नका. बर्फ गेला की आरपीएम चढतो, तोच पुरावा. मग ती बंद केल्यावर आकडा आधीपेक्षा वर दिसतो.

तिसरी म्हणजे उशीर. ही गरम हवा एक्झॉस्टच्या उष्णतेवर तापते. इंजिन बंद पडल्यावर एक्झॉस्टही निवायला लागतो, मग दांडा ओढून काय उपयोग? थ्रॉटल मिटण्याआधीच हीट लावायची सवय हवी. मात्र जमिनीवर ती उगाच चालू ठेवू नका. त्या वाटेने येणारी हवा फिल्टरमधून जात नाही, आणि उन्हाळ्यातली आपली धूळ सिलिंडरला सोसत नाही.

आता मे महिना. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. ४५च्या आसपास तर दरवर्षीचंच. सोनेगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १००० फुटांच्या थोडा वर आहे, पण ४५ अंशांना तिथली हवा इतकी विरळ होते की इंजिनाला ती सुमारे ५००० फुटांवरची वाटते. हवा कमी आणि इंधन तेवढंच, म्हणजे मिश्रण गरजेपेक्षा रिच. सेसनाच्या हँडबुकात ३००० फुटांवरच्या धावपट्ट्यांसाठी जागेवर उभं राहून, फुल थ्रॉटलला सर्वात जास्त आरपीएम मिळेल इतकं मिक्स्चर लीन करायला, म्हणजे त्यातलं इंधन कमी करायला, सांगितलं आहे. आपली धावपट्टी त्याच्या खाली, म्हणून ती ओळ कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा आणि भर दुपारी काय करायचं ते इन्स्ट्रक्टरशी आधीच बोलून ठेवा. स्वतःच्या मनाने लीन करू नका, कारण फुल पॉवरला जादा इंधन सिलिंडर गार ठेवण्याचंही काम करतं.

टॅक्सी करताना (जमिनीवर विमान चालवताना) मात्र फुल रिच ठेवलं की प्लगवर शिशाचा थर बसतो. एव्हीगॅस १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतंच. जमिनीवर लीन करायचं तर चांगलं सणसणीत करा. मग टेकऑफला रिच करायचं विसरलात तरी थ्रॉटल उघडताच इंजिन गचके देऊन आठवण करून देईल. अर्धवट लीन असेल तर ते मुकाट्याने पळतं, आणि तेच वाईट.

फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात, उदाहरणार्थ नव्या सेसना १७२मध्ये, कार्ब्युरेटर नाही म्हणून हा बर्फ नाही. पण उन्हात तळपलेलं इंजिन बंद केल्यावर वरच्या बारीक नळ्यांतलं इंधन उकळतं आणि वाफेने त्याची वाट अडते. पुन्हा सुरू करताना सकाळसारखंच प्रायमिंग केलं, म्हणजे आधीच इंधन सोडलं, तर इंजिन फ्लड होतं (इंधन जास्त होऊन पेटत नाही), आणि मग स्टार्टर तापेपर्यंत चावी धरून बसण्याची वेळ येते. हॉट स्टार्ट आणि फ्लडेड स्टार्ट यांची पद्धत हँडबुकात वेगवेगळी दिलेली असते. कार्ब्युरेटरवाल्यांची चूक वेगळी: थ्रॉटल पुन्हापुन्हा पंप करणं. इंधन खाली साचतं आणि आग लागू शकते. स्टार्ट होताना आग दिसली तर क्रँकिंग (स्टार्टरने इंजिन फिरवणं) थांबवू नका. इंजिन ज्वाळा आत ओढून घेतं.

टाकीतल्या इंधनाचा नमुना तपासताना सगळे बाटली उन्हाकडे धरतात, पण पाहायचं काय ते चुकतं. पाणी तळाशी बसतं, रेघ दिसते, इतकं पाठ असतं. पण नमुना पूर्णच पाणी असेल तर रेघ कुठून दिसणार? स्वच्छ, पारदर्शक, अगदी ‘पास’. म्हणून आधी एव्हीगॅसचा निळा रंग शोधा. रंग नाही तर ते पाणी असेल किंवा जेट फ्युएल. शंका आली तर थेंब कागदावर टाका: एव्हीगॅस उडून जातं, जेट फ्युएल तेलकट डाग ठेवतं. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर आधी बघा. पाणी बहुतेक तिथूनच येतं.

पंपावरचं पेट्रोल चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते रबरी सील खातं आणि पाणी स्वतःत विरघळवतं, म्हणजे बाटलीत पाणी दिसणारच नाही.

व्हेंटकडे, म्हणजे टाकीत हवा शिरायच्या नळीकडेही लक्ष द्या. चार दिवस उभ्या असलेल्या विमानाच्या व्हेंटमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. टाकीत हवा शिरत नाही, निर्वात तयार होतो आणि टाकी भरलेली असतानाही इंजिन उपाशी मरतं.

शेवटचं, मॅग्नेटो चेक: प्लगला ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो एकेक करून बंद करून बघणं. आरपीएम फार पडला तर सगळे थांबतात. अजिबात पडला नाही तर खूश होतात. न पडणं हाच बिघाड असू शकतो: मॅग्नेटो बंद करणारी वायर तुटलेली असेल, तर चावी ऑफवर असूनही ठिणगी चालू. इंजिन मिक्स्चर ओढून बंद करतात ते सिलिंडरात इंधन उरू नये म्हणून, तरी थोडं राहतंच. चावी काढलेली असली तरी प्रॉपेलर हाताने फिरवू नका, आणि त्याला टेकून फोटोही काढू नका.