कोल्हापूरजवळ दोन दिवस कमी खर्चात फिरायचंय? या चुका टाळा

शुक्रवारी संध्याकाळी फोन येतो. "उद्या पहाटे निघतोय, कुठं जाऊ सांग." कधी पुण्याचा भाचा असतो, कधी आमच्याच पेठेतली मैत्रीण. मी आधी त्यांनाच विचारते, "काय काय बघायचं ठरवलंय?" उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, दाजीपूर, जमलं तर नरसोबाची वाडी आणि खिद्रापूरसुद्धा.

या यादीतच सगळे पैसे जातात. खोली महाग पडली, जेवण महाग पडलं अशी तक्रार नंतर होते, पण खिसा रिकामा झालेला असतो रस्त्यावर. नकाशा समोर ठेवून बघा. पन्हाळा शहराच्या वायव्येला साधारण 20 किलोमीटर, दाजीपूर नैऋत्येला 80 च्या आसपास, खिद्रापूर पूर्वेला 60. तिन्ही दिशा वेगळ्या, आणि प्रत्येक वेळी परत कोल्हापुरात येऊनच पुढं जायचं. येऊनजाऊन 320 किलोमीटर. लिटरला 15 किलोमीटर देणारी चारचाकी असेल तर एकवीस-बावीस लिटर पेट्रोल. नुसतं राधानगरी-दाजीपूर केलं तर त्याच्या निम्म्यात भागतं. शिवाय गाडीत बसून राहिलेली मुलं दर तासाला काहीतरी खायला मागतात, तो खर्च वेगळा.

आमच्या घरच्या एका सहलीत आम्ही हेच केलं होतं. दाजीपूरला पोचलो तेव्हा दुपार टळली होती, आत सोडायची वेळ संपलेली. जंगलाच्या दारातून सासूबाईंना घेऊन परत फिरलो. त्यांना गवा बघायचा होता. तो दिवस माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून आमचा नियम आहे: दोन दिवसांना एक दिशा आणि एकच मुक्काम. आणि दिशा निवडायची ती महिना बघून.

महिना न बघता जागा ठरवणं

कोल्हापूरच्या पश्चिमेला सह्याद्री आहे आणि पूर्वेला शिरोळकडं सपाट काळी रानं. एकाच दिवशी गगनबावड्यात दोन हातांवरचं दिसत नाही इतका पाऊस आणि धुकं असतं, तर खिद्रापुरात छत्री उघडायचीही गरज नसते. म्हणून "कोल्हापूरचं हवामान" बघून निघू नका, ज्या तालुक्यात जाणार त्या तालुक्याचं बघा.

दाजीपूरचं उदाहरण घ्या. 1958 साली गव्यांसाठी राखलेलं हे जंगल आज राधानगरी अभयारण्य म्हणून साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरलंय. पावसाळ्यात इथली सफारी बंद असते, आणि दरवर्षी कितीतरी लोक ऑगस्टमध्ये गवा बघायला येऊन बंद फाटकापुढं उभे राहतात. पावसात राधानगरीला यायचंच असेल तर राऊतवाडीचा धबधबा आहे, भरलेला लक्ष्मी तलाव आहे. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या मुलीच्या नावानं वसवलेलं हे गाव त्या दिवसांत हिरवं गच्च असतं. मे संपता संपता, पहिल्या वळवानंतर, याच भागात झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. तेव्हा फक्त मोबाईलचा टॉर्च बंद ठेवा आणि मुलांनाही तसं सांगा, काजव्यांचं सगळं बोलणं उजेडातून चालतं. जंगल बघायचं असेल तर दिवाळीनंतर या. निघायच्या आधी वनविभागाकडं प्रवेशाची वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि आत जायची गाडी, तिन्ही विचारून घ्या.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर फुलं पाऊस ओसरताना येतात, एप्रिलमध्ये तिथं नुसता वारा आणि कातळ. आणि एक कळकळीची विनंती, पठारावर गाडी चढवू नका. फोटोसाठी चाकं फुलांवरून नेलेली मी पाहिली आहेत. तिथली माती बोटभर जाडीची असते, एकदा चाकोरी पडली की पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात काही उगवत नाही. पन्हाळ्यापासून पायी गेलात तर पांडवदऱ्याची लेणीही बघून होतात.

नदीला हिशेबात न धरणं

जुलै-ऑगस्टमध्ये यायचं तर हे नीट वाचा.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या मिळून पंचगंगा होते. पश्चिमेकडच्या कुठल्याही गावाला जाताना यातली एक तरी नदी आडवी येते. नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जवळची वाट म्हणून वापरात असतात, आणि फोनवरचा नकाशा तीच वाट दाखवतो कारण ती खरोखर जवळची असते. पण पाणी वाढलं की सगळ्यात आधी हे बंधारेच बुडतात. म्हणून पावसाळ्यात मोठ्या पुलाचा लांबचा रस्ता धरायचा, दहा किलोमीटर जास्त पडले तरी चालतील.

दुसरं, राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. पावसाळ्यात आमच्याकडं हा आकडा घराघरात रोज सकाळी विचारला जातो. तो पस्तिशीच्या पुढं सरकत असेल आणि घाटमाथ्यावर पाऊस चालूच असेल, तर गगनबावडा किंवा आंबा घाटाकडची सहल पुढं ढकला. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की भोगावती आणखी फुगणार हे धरून चाला. 2019 आणि 2021 च्या पुरात रस्ते कित्येक दिवस पाण्याखाली होते, आणि 2021 च्या पावसात पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ताही खचला होता. बर्कीच्या धबधब्याला जाताना वाटेत पूल आहे, धबधब्यावर भिजत असताना तो बुडाला तर पर्यटक पलीकडं अडकतात. हे घडलेलं आहे. तिथं जायचं तर सकाळी जा, पावसाचा जोर वाढताना दिसला की फोटो सोडून निघा.

आणि अडकलातच तर? गाडी पाण्यात घालू नका. समोरची एसटी गेली म्हणून आपली चारचाकी जाईल असं नसतं. अलीकडच्या गावात थांबा. शाळेची ओसरी, देवळाचा सभामंडप, कुणाचं तरी घर, आमच्या भागात अशा वेळी माणसाला उपाशी ठेवत नाहीत. एका मुक्कामाचा जादा खर्च आणि एक जादा रजा आधीच मनात धरून निघालं की असली धाडसं सुचत नाहीत.

एसटीला विसरणं

चौघांपेक्षा कमी माणसं असाल तर एसटीएवढं स्वस्त काही नाही. महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि 75 च्या पुढच्यांना फुकट. आजी-आजोबांना घेऊन निघालात तर हिशेब पार बदलतो. फक्त आधार कार्ड जवळ असू द्या.

इथं दोन चुका होतात. पहिली, स्थानकाची. कोल्हापुरात सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), रंकाळा आणि संभाजीनगर अशी तीन स्थानकं आहेत. सीबीएसवर तासभर उभं राहून आपली गाडी दुसरीकडूनच सुटते असं कळतं. आदल्या दिवशी विचारा. दुसरी चूक परतीची. खेड्यातून शेवटची गाडी संध्याकाळी लवकर सुटते आणि सुट्टीच्या दिवशी शाळेच्या वेळेची फेरी नसते. उतरतानाच कंडक्टरना विचारा, "मामा, परत शेवटची गाडी कितीला?" फळ्यावरच्या वेळेपेक्षा हे उत्तर जास्त खरं असतं. गाडी चुकली तर मुख्य रस्त्याच्या फाट्यापर्यंत वडाप, म्हणजे माणशी पैसे घेणारी जीप, मिळतं, पण अंधार पडल्यावर तेही बंद होतं. मग पहाटेची मुक्कामी गाडी हाच आधार.

स्वतःची दुचाकी असेल तर राधानगरी ते दाजीपूर रस्ता रात्री टाळा. वळणावर गवा उभा असतो, काळाभोर, दिवा पडेपर्यंत दिसत नाही. पेट्रोलही शहरातूनच भरून निघा.

खोलीचा दर विचारणं आणि बाकी काही न विचारणं

होमस्टेचा दर कमी सांगितला जातो आणि हिशेब सकाळी होतो. मीही एकदा फोटो बघून "धरणासमोरची खोली" म्हणून आगाऊ पैसे पाठवले होते. धरण होतं, पण गच्चीवर चढून मान वळवल्यावर दिसणारं. अंघोळीच्या गरम पाण्याचे बादलीमागं पैसे, जादा गादीचे वेगळे. भांडण करून उपयोग नव्हता, मी काही विचारलंच नव्हतं.

आता फोनवर चार गोष्टी विचारते: दर खोलीचा की माणशी, जेवण त्यात आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, लाईट गेली तर काय. आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागते. जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा. गावठी कोंबडी बहुतेक ठिकाणी नगावर असते, दोघांसाठी ती परवडत नाही. दुसरं एखादं कुटुंब मुक्कामी असेल तर वाटून घ्या. नाहीतर झुणका, भाकरी, खर्डा आणि दही मागा. चुलीवरची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते तेव्हा तांबडा-पांढऱ्याची आठवण होत नाही.

रविवारी पन्हाळा

जोतिबाचा वार रविवार. पन्हाळा आणि जोतिबा दोन्हीकडं जाणारी गर्दी केर्लीपर्यंत एकाच रस्त्यावर असते. माघातले खेटे (जोतिबाच्या पायी वाऱ्या), चैत्र पौर्णिमेची यात्रा हे दिवस तर सोडूनच द्या, देवाला जायचं नसेल तर. 2025 मध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत आला, तेव्हापासून गडावर माणूस वाढलाय. जमलं तर रविवारी दुपारी चढा आणि सोमवारी उतरा. रविवारी चार वाजल्यानंतर खोल्या रिकाम्या होतात, दर खाली येतो, आणि सोमवारी सकाळी तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी तुमच्या एकट्याची असते. एक रजा पडते खरी. पण खोलीत जे वाचतं त्यात गडावरची न्याहारी निघते.

हंगामात रस्ता मोकळा असेल असं समजणं

दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याला लागतात. ऊस बाहेर लोंबत असतो, मागं दिवा असेलच असं नाही. तासाचा रस्ता दोन तासांचा होतो, म्हणून परतताना अंधाराच्या आत शहर गाठायचं ठेवा. ओव्हरटेकची घाई नको. त्यापेक्षा वाटेत गुऱ्हाळाचा धूर दिसला की थांबा. मालकाला विचारून आत जा, रस उकळणाऱ्या काहिलीपासून मुलांना लांब धरा, किलोभर गूळ विकत घ्या. गरम काकवी चाखायला बहुतेक जण स्वतःहूनच देतात. आमची मुलं त्या सहलीतलं धरण विसरली, काकवी अजून मागतात.