घरच्या व्हिडिओसाठी कायद्यात बसणारं पार्श्वसंगीत कसं शोधावं

आजोबांच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ छान जमतो, शेवटी त्याखाली त्यांच्या आवडीचं सिनेगीत टाकलं जातं आणि यूट्यूबवर चढवल्यावर व्हिडिओचा आवाजच बंद होतो. म्हणून संगीत संकलनाच्या आधी निवडा. एकदा दृश्यं तालावर कापली की गाणं बदलणं फार जिवावर येतं.

१. गाण्याचे मालक ओळखा. एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण अशा तीन वेगळ्या मालमत्ता असतात. भारतात शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. १९६० साली निघालेली तबकडी १ जानेवारी २०२१ पासून मुक्त झाली, पण तिचा संगीतकार १९९० साली वारला असेल तर चाल अजून मुक्त नाही. अभंगांचंही तसंच. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण विसाव्या शतकातल्या संगीतकाराने लावलेली चाल आणि कंपनीने काढलेलं ध्वनिमुद्रण सगळ्यांचं असेलच असं नाही. शिवाय परदेशातले नियम वेगळे: अमेरिकेत १९२३ ते १९४६ मधल्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षांचं संरक्षण आहे. गाणं विकत घेतलंय, खाली श्रेय दिलंय किंवा दहाच सेकंद वापरलंय, यातल्या कशानेही आपोआप परवानगी मिळत नाही. इतके सेकंद चालतात, असा नियम कायद्यात कुठेच नाही.

२. व्हिडिओ कुठे जाणार ते ठरवा. इन्स्टाग्रामच्या संग्रहातलं गाणं तिथल्या रीलपुरतं असतं, तोच व्हिडिओ उतरवून यूट्यूबवर टाकला की ती परवानगी संपते. दुकानाची किंवा क्लासची जाहिरात असेल तर घरगुती वापराच्या सवलती विसरा.

३. सुरुवात यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीपासून करा. माझ्या मते नवख्यासाठी याहून सोपी जागा नाही. यूट्यूब स्टुडिओ उघडा, डावीकडच्या यादीत ‘ऑडिओ लायब्ररी’ दिसेल. तिथे प्रकार, मूड आणि लांबी यांनुसार गाळून घेता येतं. श्रेय द्यायची गरज नसलेल्या रचना वेगळ्या निवडता येतात. ज्यांच्यापुढे ‘सीसी’ची (क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे ठरावीक अटींवर रचना वापरू देणारा परवाना) खूण असते त्यांचं श्रेय द्यावंच लागतं. त्या खुणेवर टिचकी मारली की तयार मजकूर मिळतो, तो जसाच्या तसा व्हिडिओच्या वर्णनात चिकटवा.

४. बाहेर शोधताना सीसी परवान्याची अक्षरं वाचा. फ्री म्युझिक आर्काइव्ह, सीसीमिक्सटर, शास्त्रीय पाश्चात्त्य संगीतासाठी म्युझोपेन, आणि केविन मॅक्लाउड यांचं इन्कॉम्पेटेक या भरवशाच्या जागा आहेत. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या आणि वापरा. ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर नाही. ‘एसए’ असेल तर तुमचा व्हिडिओही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. ‘एनडी’ मात्र टाळाच. त्यात बदल करायला मनाई असते, आणि संगीत हलत्या चित्राशी जुळवणं हाच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लेखी बदल आहे. गाण्याला कात्री लावली नाही तरीही! ‘नो कॉपीराइट’ असं नाव दिलेल्या कुणाच्याही चॅनलवरून गाणं उचलू नका, मूळ संगीतकाराच्या पानावर परवाना दिसला तरच घ्या.

५. श्रेयाची ओळ पूर्ण लिहा: रचनेचं नाव, संगीतकार, मूळ पानाचा दुवा, परवान्याचं नाव आणि आवृत्ती. ‘संगीत: इंटरनेटवरून साभार’ हे श्रेय नव्हे.

६. घरातच संगीत करता येतं का पाहा. आजोबांच्या व्हिडिओला नातीने पेटीवर वाजवलेला भूप कुठल्याही तयार तुकड्यापेक्षा शोभून दिसेल. राग कुणाच्या मालकीचा नसतो. शेजारच्या तबलजीला बोलावलंत तर परवानगी लेखी घ्या, खाली त्याची सही हवी. किती वर्षांसाठी आणि कुठे वापरणार हे त्यात नक्की लिहा. भारतीय कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. अमेरिकेतल्या मावशीनेही बघावा असं वाटत असेल तर ‘जगभर’ हा शब्द हवाच.

७. पुरावा ठेवा, मग चढवा. गाणं उतरवलं त्याच दिवशी परवान्याच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढा, कारण नंतर पानं बदलतात. व्हिडिओ आधी ‘खाजगी’ ठेवून चढवा, म्हणजे यूट्यूबची तपासणी लोकांनी बघण्याआधीच होते. दावा आला, म्हणजे कुणी त्या संगीतावर आपला हक्क सांगितला, तरी घाबरू नका. दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे. स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाबद्दल चॅनलला मिळालेली ताकीद, मात्र गंभीर: ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. परवाना पक्का असेल तर हरकत नोंदवा आणि तिथे परवान्याचा दुवा द्या. दावा करणाऱ्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर दावा उठतो.