लाइक भरपूर, ऑर्डर नाही? छोट्या व्यावसायिकांनो, या चुका टाळा

चवथीच्या तोंडावर नेवऱ्यांचा (करंज्यांचा) फोटो टाकला, लाइक ढीगभर आले, ऑर्डरी मात्र वाड्यावरच्याच. डिचोली, पेडणे, फोंडा, गोव्यात कुठेही घरगुती धंदा करणाऱ्यांकडून ही तक्रार ऐकू येते. म्हणून सोशल मीडियाचा छोट्या धंद्याला उपयोग नाही, हे मला पटत नाही. उपयोग होतो, पण फोटो पाहून विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला लगेच नीट उत्तर मिळालं तरच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भाव न लिहिणं. ‘दरासाठी मेसेज करा’ असं वाचलं की बरीच माणसं पुढे निघून जातात. मानकुराद आंब्याचा डझनाचा दर रोज हलतो, हे खरं. मग तारीख घालून आजचा दर लिहा. गाव कुठलं, माल घरपोच मिळेल की येऊन न्यावा लागेल, खाजे किती दिवस टिकतं, ऑर्डर किती आधी द्यायची, हेही तिथंच सांगा. व्हॉट्सअॅप बिझनेस अॅप फुकट आहे. त्यातल्या कॅटलॉगमध्ये हे सगळं एकदा भरून ठेवलं की रोजचं टायपिंग वाचतं.

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीवर (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा धाडायची सोय) मेसेज पाठवूनही कुणी विचारत नसेल, तर एक गोष्ट तपासा. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच तो मेसेज पोचतो. त्यामुळे माल देतानाच गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगा.

पैसे भरून जाहिरात करणारे गोव्यात एका वेगळ्याच ठिकाणी फसतात. ठिकाण म्हणून नुसतं ‘गोवा’ निवडलं, की फेसबुक आणि इन्स्टाग्राम इथं राहणाऱ्यांबरोबर नुकत्याच इथं येऊन गेलेल्यांनाही जाहिरात दाखवतात. साखळी गावातल्या शिलाईच्या दुकानाची जाहिरात कळंगुटच्या हॉटेलात उतरलेल्या पर्यटकाला दिसून काय फायदा? नकाशावर आपलं गाव धरून भोवतालचे मोजके किलोमीटरच निवडा. काजू, कोकम विकणाऱ्यांचं गणित उलटं आहे. त्यांना पर्यटक हवाच असतो, म्हणून किनारपट्टीच निवडावी आणि मजकूर इंग्रजी-हिंदीतही द्यावा. गावच्या गिऱ्हाइकासाठी मात्र मराठी-कोकणीच बरी.

बऱ्याचदा दुकानाचं फेसबुक पेज भाच्याच्या मोबाइलवरून उघडलेलं असतं. भाचा बोटीवर किंवा आखातात गेला, पासवर्ड विसरला, की कित्येक वर्षांचं काम अडकून पडतं. पेज मालकाच्या स्वतःच्या खात्यावरून उघडा आणि घरातल्या आणखी एकाला पूर्ण अधिकार द्या. धंदा वैयक्तिक प्रोफाइलवर चालवू नका. तिथं ५,००० मित्रांची मर्यादा असते, पेजला ती नसते.

खाण्याचे पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी नोंदणी क्रमांक पाकिटावर असूद्या, फोटोतही दिसूद्या. अनोळखी गिऱ्हाइकाला त्याने धीर येतो.

आणि अचानक मोठी ऑर्डर देऊन ‘आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हणालं, तर तिथंच थांबा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा.