मदरशिपमध्ये क्लास निवडताना: घाबरल्यावर काय होणार ते आधी बघा

डोंबिवलीच्या आमच्या घरी एक रविवार सोडून एक रविवार जेवणाचं टेबल दुपारी दोनला आवरतात आणि रात्री नऊपर्यंत त्यावर अंतराळयान असतं. खेळाचं नाव ‘मदरशिप’. कागद, पेन्सिल, फासे आणि अवकाशात अडकलेली चार माणसं. प्रत्येकाने आपल्या पात्राचा प्रकार, म्हणजे क्लास, चारांतून निवडायचा: मरीन (सैनिक), अँड्रॉइड (माणसासारखं यंत्र), शास्त्रज्ञ किंवा टीमस्टर. गोष्ट चालवणाऱ्याला या खेळात वॉर्डन म्हणतात. वॉर्डन मी. एरवी मी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचं स्टोअर सांभाळते.

नवीन आलेला प्रत्येक जण कागद हातात घेतल्या घेतल्या विचारतो, “मावशी, चारांतला सगळ्यात भारी कोण?” मी म्हणते, तो प्रश्न ठेव बाजूला. तू घाबरलास की शेजारी बसलेल्याचं काय होतं, ते विचार. कारण या खेळात घाबरायला सगळ्यांनाच होतं, आणि प्रत्येक क्लासची भीती वेगळ्या वाटेने बाहेर पडते.

आकडे थोडक्यात सांगते. ताकद, वेग, बुद्धी, लढाई हे चार गुण. प्रत्येकासाठी दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि बेरजेत 25 मिळवायचे. मग भान, भीती आणि शरीर असे तीन बचाव, म्हणजे संकट झेलायचे आकडे. तिथे बेरजेत 10. खेळताना शंभरातला आकडा काढायचा, तो आपल्या आकड्याच्या खाली आला तर जमलं. सरासरी गुण 36 च्या आसपास येतो, म्हणजे तीनात एकदाच जमणार. फसलं की ताण एकाने वाढतो. ताणाची सुरुवात 2 वर. घाबरगुंडीची वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि तो ताणापेक्षा जास्त पडायला हवा. ताण 3 असताना हसत टाकतात. 9 झाला की टेबलावर कोणी चिवड्याला हात लावत नाही.

(दहा बाजूंचे फासे नसतील तर अडू नका. आम्ही पहिले सहा महिने दोन स्टीलच्या वाट्यांत 0 ते 9 च्या चिठ्ठ्या टाकून खेळलो. डावी वाटी दशकाची, उजवी एककाची. चिठ्ठी काढली की घडी घालून परत टाकायची, एवढं लक्षात ठेवा.)

आता नियम असा की आधी फासे, मग क्लास. इथेच लोक चुकतात. माझ्या भाच्याला लढाईत 42 पडले आणि त्याने विचार न करता मरीन घेतला, कारण मरीनला लढाईत 10 वाढीव मिळतात. झाले 52. शिवाय भीतीच्या बचावात 20, शरीराच्या बचावात 10, आणि एक जखम जास्त झेलायची मुभा. पोरगं खूश. पण मरीनच्या चौकटीत खाली एक ओळ असते, ती त्याने वाचलीच नव्हती: मरीन घाबरला की जवळच्या प्रत्येक साथीदाराला भीतीचा बचाव टाकावा लागतो.

बंद पडलेल्या खाणजहाजाच्या बोळात ते झालं. ताण 8, फासा पडला 6. शेजारी दोघं उभी होती: समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींची शास्त्रज्ञ आणि माझ्या भाचीचा अँड्रॉइड. वहिनींचा भीतीचा बचाव जेमतेम 19. त्यांनी वाट्यांतून चिठ्ठ्या काढल्या: 12. वाचल्या! तेवढ्यात भाची हळूच म्हणाली, “काकू, मी जवळ आहे ना.” अँड्रॉइड जवळ असला की साथीदारांना भीतीचा बचाव दोनदा टाकून वाईट आकडा घ्यावा लागतो. दुसऱ्यांदा 71. वहिनींनी भाच्याकडे असं बघितलं की त्याच्या आईनेही कधी बघितलं नसेल.

म्हणून मरीन आणि अँड्रॉइड एकाच टोळीत असतील तर दोघांना खांद्याला खांदा लावून चालवू नका. नियमात ‘जवळ’ हा शब्द आहे, त्याचा फायदा घ्या. अँड्रॉइडला पुढे एकट्याला पाठवा. त्याला भीतीच्या बचावात 60 वाढीव असतात, अंधाऱ्या खोलीत डोकवायला त्याच्याइतकं लायक कोणी नाही. बुद्धीतही 20 जास्त. बदल्यात एका गुणातून 10 वजा होतात. जो टेबलावर कमी बोलतो आणि बारकाईने ऐकतो, त्याला हा क्लास शोभतो. यंत्रासारखा आवाज काढायची मात्र गरज नाही. दोन तास ऐकवत नाही तो.

शास्त्रज्ञाला भानाच्या बचावात 30 मिळतात, बुद्धीत 10, आणि मनाला येईल त्या गुणात आणखी 5. खरी गंमत कौशल्यात आहे: एक अव्वल दर्जाचं कौशल्य आणि त्याच्या खालच्या दोन पायऱ्या सुरुवातीलाच हातात. अव्वल कौशल्य म्हणजे त्या कामाला 20 ची भर. ते निवडताना फायदा मोजू नका. ज्या विषयावर तुम्ही स्वतः पाच मिनिटं बोलू शकता तो घ्या. वहिनी दवाखान्यात नर्स आहेत, त्यांनी शस्त्रक्रिया घेतली आणि मलाच टाके कसे घालतात ते ऐकवलं. त्यांचा दुखरा भाग असा की भानाचा बचाव फसला तर जवळच्या सगळ्यांचा ताण एकाने वाढतो. थोडक्यात, सगळं समजणारा माणूस गप्प झाला की बाकीच्यांचा धीर सुटतो. आयसीयूबाहेर बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

राहिला टीमस्टर. याला मराठी शब्द मला सापडलेला नाही. मालवाहू यानावरचा फिटर, ड्रायव्हर, हमाल, सगळं एकात. प्रत्येक गुणात 5, प्रत्येक बचावात 10. अवजड यंत्रं आणि शून्य गुरुत्वाकर्षणात काम करणं ही दोन कौशल्यं मुळातच येतात. कागदावर हा फिका दिसतो, म्हणून पोरं घेत नाहीत. पण चौघांत हा एकटाच असा की ज्याची भीती दुसऱ्याच्या डोक्यावर पडत नाही. उलट दर खेळात एकदा त्याला घाबरगुंडीचा फासा दोनदा टाकून चांगला तो ठेवता येतो. आमच्या स्टोअरला एक जुने फिटर यायचे. कंप्रेसरचा आवाज लांबून ऐकून बेअरिंगचा नंबर सांगायचे आणि चिठ्ठीवर सही करून शांतपणे चहाला जायचे. मी टीमस्टर खेळते तेव्हा तेच डोळ्यासमोर असतात. चारही गुण मधलेच पडले असतील, तर हाच घ्या.

सगळ्यांनी एकदम निवडू नका. गोल फिरत एकेकाने क्लास जाहीर करावा आणि आपली भीतीची ओळ मोठ्याने वाचावी. तिसऱ्या माणसापर्यंत आल्यावर टोळीत काय कमी आहे ते आपोआप दिसतं. सगळ्यात जास्त गुण पाहून ठरवलेला क्लास इथे निम्म्या वेळा बदलतो, असा माझ्या टेबलाचा तरी अनुभव आहे.

आणि दुसरा कोरा कागद जवळ ठेवा. या खेळात माणसं मरतात, कधी चहा यायच्या आत. भाच्याचा मरीन त्याच बोळात पुढच्या दाराशी गेला. त्याने नवीन कागद ओढला, फासे टाकले, लढाईत परत 40 च्या वर पडले. जरा थांबला, वहिनींकडे बघितलं आणि क्लासच्या जागी लिहिलं: टीमस्टर.