जुने पोलीस कॉल बॉक्स गोळा करताय? या चुका टाळा, मी बहुतेक सगळ्या करून बसलोय

पोलीस कॉल बॉक्स म्हणजे गस्तीवरच्या पोलिसाला रस्त्यावरून ठाण्याशी संपर्क साधता यावा म्हणून बसवलेला डबा. माझा पहिला पोलीस बॉक्स मुळात पोलीस बॉक्स नव्हताच. मी बॉस्टनजवळ राहतो, रविवारी फ्ली मार्केटला चक्कर मारायची खोड, तिथे एका टेबलाखाली निळा रंग दिलेला बिडाचा जड डबा दिसला, विकणारा म्हणाला पोलिसांचा आहे, मी धड घासाघीसही केली नाही, दोघांनी मिळून डिकीत टाकला आणि घरी येऊन कोपऱ्यातला रंग जरा खरवडला तर खाली लालभडक. दारावर बोट फिरवलं तर ग्राइंडरने चार अक्षरं घासून काढल्याच्या खुणा हाताला लागत होत्या. FIRE! म्हणजे फायर बॉक्स, आगीची वर्दी द्यायचा डबा. बायको म्हणाली, हवालदार आणायला गेलास आणि बंबवाला घेऊन आलास.

तर रंग बघून घेऊ नका. वॉशिंग्टनमध्ये पोलिसांचे निळे आणि फायरचे लाल होते हे खरंय, पण डबाभर ऑइलपेंटने कशालाही पोलीस करता येतं. फायर बॉक्स रस्त्यावरच्या कुणालाही वापरता यावा असा असायचा, म्हणून हँडल किंवा हूक बाहेरून हाताला येणारा, आणि आत साधारण फक्त तारयंत्र. पोलिसांचा कुलूपबंद. बीटवरचा पोलीस किल्लीने उघडणार, लिव्हर ओढून बॉक्सचा नंबर ठाण्यात पोचवणार, मग फोन उचलून बोलणार. १८८० ला शिकागोत हे सुरू झालं तेव्हा आत एक काटा असायचा, चोर, दंगल, दारुडा, खून, आग, जे असेल तिथे काटा फिरवायचा आणि लिव्हर ओढायची. भरवशाच्या नागरिकांनाही किल्ल्या दिलेल्या, प्रत्येक किल्लीवर नंबर, आणि एकदा लावली की पोलीस येऊन सोडवेपर्यंत ती कुलपातच अडकून राहायची, म्हणजे मस्करी करणारा आपोआप सापडला. मला तर ही आयडिया आजही भारी वाटते.

दुसरी चूक म्हणजे नुसत्या खोक्यावर भाळणं. दार छान, अक्षरं ठसठशीत, आणि आत बघितलं तर पोकळ. खरी किंमत आतल्या यंत्राची असते राव. इथे बरेचसे बॉक्स गेमवेल कंपनीचे मिळतात, ती आमच्या इथल्याच न्यूटन अप्पर फॉल्सची. यंत्रात एक पितळी कोड व्हील असतं, चावी दिलेल्या स्प्रिंगच्या जोरावर फिरतं आणि त्याच्या दातांमुळे सर्किट तुटत-जुळत जातं. बॉक्स नंबर २५३ असेल तर दोन दात, गॅप, पाच दात, गॅप, तीन दात. टॉर्च घेऊन दात मोजा आणि पाटीवरच्या नंबराशी ताडून बघा, जुळलं नाही तर दोन वेगळ्या बॉक्सचे तुकडे एकत्र केलेत असं धरायला हरकत नाही. वाईट काही नाही त्यात, पण मग पैसे त्या हिशोबाने द्या. स्क्रूही बघा, फुलीवाले स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले, त्यामुळे १९१० चा म्हणून विकणाऱ्याचा सगळाच माल फुलीवाल्या स्क्रूंवर उभा असेल तर निदान रिपेअर कधी झालं ते विचारा.

लंडनच्या पोलिसांच्या निळ्या केबिनचं वेगळंच. टीव्हीवरच्या ‘डॉक्टर हू’ सीरियलमुळे सगळ्यांना तीच हवी असते. पण १९२९ पासून लंडनभर बसवल्या त्या केबिन काँक्रीटच्या होत्या, दार तेवढं सागवानी. अख्खी लाकडी केबिन ‘ओरिजिनल’ म्हणून दाखवली तर मुकाट्याने पुढे चला.

आता घरी आणल्यावरचे घोळ. सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा करून रंग काढणं, नको, मूळ रंगाचे थर गेले की गेले. आणि जुन्या रंगात शिसं असतं, अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं १९७८ ला बंद झालं, म्हणजे आपल्या डब्याच्या अंगावर ते जवळपास नक्कीच, तेव्हा कोरडं घासायचं नाही, ओलं करून, मास्क लावून, आणि पोरांना लांब ठेवून.

यंत्र अडकतंय? मी सगळ्यांच्या घरी असतो तो स्प्रे मारला, दोन दिवस मख्खन चाललं आणि मग जुनी धूळ न् तेलाचा चिकट लगदा होऊन पार बसलं. घड्याळाचं तेल सुईच्या टोकाने थेंबभर, बास. खोलायचं असेल तर आधी स्प्रिंगचा ताण पूर्ण उतरवा, ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोटं फुटतात.

फोन मेलाय असं वाटलं तर लगेच पार्ट शोधत बसू नका. जुन्या माऊथपीसमध्ये कार्बनचे दाणे असतात, ते वर्षानुवर्षं पडून गोळा होतात, हाताच्या तळव्यावर हलकेच आपटा, बऱ्याचदा तेवढ्यावर आवाज येतो. रिसीव्हर उघडलात तर आतली पातळ चकती वर खेचायची नाही, बाजूला सरकवत काढायची, खाली चुंबक असतो आणि खेचली की चकती वाकते. कापडी वायरचं इन्सुलेशन तपासल्याशिवाय काहीही जोडू नका आणि घरच्या मेन्सला तर कधीच नाही. दोन फोन आणि सहा व्होल्टची बॅटरी एका ओळीत जोडली तरी खोलीतून खोलीत बोलता येतं.

एक चूक मात्र महागात जाते, कागद न मागणं. काही शहरांत हे डबे अजून खांबांवर आहेत आणि ते शहराचेच आहेत, वॉशिंग्टनमध्ये तर जुन्या सांगाड्यांत कलाकारांनी चित्रं बसवलीत. विकणाऱ्याकडे लिलावाची पावती किंवा शहराने विकल्याचं काही तरी हवं. एकाला विचारलं तर तो म्हणाला, ‘डबा हवा की वकील?’ मी रिकाम्या हाताने परत आलो.

आणि हो, पार्सलने मागवलात तर दार वेगळं काढून पाठवायला सांगा, बीड वाकत नाही, सरळ तडकतं. माझा दुसरा, म्हणजे खरा पोलिसांचा, नुसत्या बबल रॅपमध्ये आला आणि बिजागरीशी तडा गेलेला. साधं वेल्डिंग केलं तर शेजारी नवीन तडा जातो, म्हणून ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून सांधणं, करणारा शोधतोय, तोवर तो गॅरेजमध्ये जुन्या टायरवर बसलाय आणि शेजारी तो निळा बंबवाला.