जुन्या फोल्डिंग प्लेट कॅमेऱ्याची लेन्स ओळखताना या चुका टाळा

आधी फुटकळ चुका उरकतो. 'कॉम्पुर' हे शटर आहे, लेन्स नाही. 'इब्सॉर', 'वारिओ' पण शटरच. डी.आर.पी. हा जर्मन पेटंटचा शिक्का. आणि लेन्सभोवतीच्या रिंगवर कार्ल झाइस येना (लेन्स बनवणारी जर्मन कंपनी) दिसलं म्हणून कॅमेरा झाइसचा ठरत नाही, इका आणि कोंटेसा-नेटल या दुसऱ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर झाइसची टेसार लेन्स सर्रास असायची, झाइस इकॉन ही कॅमेरा कंपनी तर 1926 मध्ये जन्माला आली.

आता माझं डोकं फिरवणारी चूक. पुढच्या रिंगवरचं नाव वाचलं की लेन्स ओळखली! अरे, ते नाव फक्त पुढच्या सेलचं, म्हणजे लेन्सच्या शटरपुढच्या भागाचं. मागचा सेल स्क्रूसारखा फिरवून निघतो आणि एवढ्या वर्षांत कोणी काय बसवलं असेल देव जाणे.

एका मित्राच्या 9×12 सेमी प्लेटच्या कॅमेऱ्यावर छान लिहिलेलं, टेसार 1:4.5, 13.5 सेमी (अ‍ॅपर्चर, म्हणजे भोकाचा आकडा, आणि फोकल लेंथ). फोकस काही केल्या कडक होईना, कोपरे तर नुसते पुसल्यासारखे. त्याने ग्राउंड ग्लास (फोकस बघायची दुधी काच) बदलली, उलटी लावून पाहिली, मग बेलोजला (घडीच्या भात्याला) शिव्या घातल्या. मी मागचा सेल काढून टॉर्च मारला तर दोन ठळक रिफ्लेक्शन आणि बस्स. टेसारच्या मागे दोन काचा चिकटवलेल्या असतात, त्यामुळे त्या जोडाचं तिसरं, अगदी मंद रिफ्लेक्शन दिसायलाच हवं. म्हणजे ही एकटी काच, कुठल्यातरी ट्रिपलेटची, म्हणजे तीन सुट्या काचांच्या लेन्सची.

मी अंधाऱ्या खोलीत, काळ्या कापडावर, बारीक टॉर्चने बघतो, सेल हळूहळू तिरका करत. टेसार असेल तर पुढे चार ठळक, मागे दोन ठळक एक मंद. ट्रिपलेटला तो मंद नसतो. डागोर या दुसऱ्या जुन्या लेन्सला दोन्हीकडे दोन ठळक, दोन मंद. डॉगमार लेन्सला दोन्हीकडे चार ठळक. मोबाइलचा फ्लॅश दोन सेकंद मारून "काही दिसत नाही" म्हणणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये, तो मंद ठिपका दिसायला वेळ लागतोच.

शटरवरच्या अ‍ॅपर्चरच्या आकड्यांवरही आंधळा भरवसा नको, शटरही बदललेलं असतं. 6.3, 9, 12.5, 18 ही जुनी जर्मन पद्धत आहे, ती चूक नाही, पण 13.5 सेमीच्या लेन्सला 4.5 वर समोरून भोक साधारण 30 मिमी (13.5 भागिले 4.5) दिसायला हवं, पट्टी धरून बघा.

आणि नाव नीट वाचता यावं म्हणून रिंग स्पिरिटने घासू नका, अक्षरांतला रंगच निघून येतो. तिरका उजेड पाडा, वाचता येतं.